भुरा म्हणजे नक्की कोणता? बडोद्यातली एक मॉरिस आणि अण्णांची वही

आपल्या समूहात आजवर वाडे, देवघरं, लग्नपत्रिका आणि संस्थानी नोकऱ्या यांवर पुष्कळ लिहून झालं. आज मी गाडीच्या वायरिंगवर लिहिणार आहे. विषय चमत्कारिक वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. बडोद्यात पाच-सहा पिढ्या राहिलेल्या घरात भाषेचं काय होतं, हे मला कुठल्या परिसंवादापेक्षा मोटारीच्या डॅशबोर्डखाली जास्त कळलं.

सुरुवात एका शब्दापासून करतो. 'भुरा' म्हणजे कोणता रंग? आपण मराठीत भुरे केस म्हणतो, म्हणजे राखी-पिंगट काहीतरी. हिंदी माणूस भूरा म्हणतो तेव्हा त्याला तपकिरी म्हणायचं असतं. आणि आपले गुजराती शेजारी 'भूरो' म्हणतात तो चक्क निळा! आकाश भूरं, शाळेची चड्डी भूरी. त्यात आणखी गंमत म्हणजे गुजरातीत हिरव्याला 'लीलो' म्हणतात आणि हिंदीत निळ्याला 'नीला'. बडोद्यात वाढलेल्या माणसाला यात काही अडचण येत नाही, समोर कोण आहे ते बघून डोक्यातली कळ आपोआप फिरते. पण सगळ्यांची फिरतेच असं नाही. आमची गाडी जवळजवळ जळाली ती याच एका शब्दापायी.

आता थोडं मागे जाऊ. आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, कलाभवनात शिकलेले. नव्या पिढीसाठी सांगतो, कलाभवन ही महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९० साली काढलेली तंत्रशिक्षणाची संस्था. पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय, आणि हे शिक्षण आपल्या भाषेतून देता आलं पाहिजे हा आग्रह. दादासाहेब फाळकेही इथलेच विद्यार्थी. पुढे १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान शाखा बनलं. अण्णा १९३०च्या दशकातले. तिथून बाहेर पडून ते एका मिलमध्ये इलेक्ट्रिक खात्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले.

अण्णांच्या वडिलांचे हिशेबाचे कागद मोडीत आहेत. एक पेटीभर. आज आमच्या घरात ते वाचू शकेल असा एकही माणूस नाही. त्यात जमिनीचे हिशेब आहेत की वाण्याची उधारी, आम्हाला ठाऊक नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मिलमध्ये एक इंग्रज अधिकारी होता. १९६२ साली तो मायदेशी परत निघाला तेव्हा अण्णांनी त्याची गाडी घेतली. मॉरिस मायनर १०००, १९५८ची, ९४८ सीसीची, फिक्या हिरव्या रंगाची. मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली. तिचा रचनाकार अॅलेक इसिगोनिस, ज्याने पुढे मिनी केली. १० लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनेही मायनर काही वर्षं 'बेबी हिंदुस्थान' या नावाने विकली होती. तिची मोठी बहीण मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यावरून आपली अॅम्बेसॅडर आली, जी उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिली.

दांडिया बाजारात तेव्हा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्या मायनरला वळण दाखवायला लुकलुकणारे दिवे नव्हते. दोन दरवाज्यांच्या मधल्या खांबातून एक छोटा हात बाहेर यायचा, त्यात पिवळसर दिवा. गल्लीतली पोरं त्याला 'गाडीचा कान' म्हणायची. स्टार्टरला कळ नव्हती, नॉब ओढायचा. आणि किल्ली फिरवली की बोनेटमधून टक-टक-टक आवाज यायचा. तो एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप. कार्बोरेटर भरला की आवाज मंदावून थांबतो. आजी मागच्या सीटवर बसून म्हणायची, "आधी तिला बोलू द्या, मग ओढा." हे एक वाक्य म्हणजे त्या गाडीच्या वायरिंगचा पहिला धडा होता. टकटक आली तर बॅटरीपासून किल्लीपर्यंत आणि किल्लीपासून पंपापर्यंत वाट मोकळी आहे. नाही आली तर स्टार्टर ओढून उपयोग नाही, आधी वाट शोधा.

या गाडीतलं बहुतेक सगळं विजेचं सामान बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं. जोसेफ लुकास हा दिवे विकणारा माणूस. १८७९ साली त्याने सायकलचा 'किंग ऑफ द रोड' नावाचा दिवा काढला आणि नशीब काढलं. पुढे ब्रिटिश गाड्यांत डायनामो, दिवे, स्विच सगळीकडे लुकासच. गंमत अशी की जुन्या गाड्यांचे शौकीन लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून चिडवतात, कारण म्हणे दिवे कधीही जातात. आमचा अनुभव वेगळा आहे आणि तो सांगणं हाही या लेखाचा एक हेतू आहे.

लुकासची खरी देणगी म्हणजे रंगांची भाषा. ती पुढे ब्रिटिश मानक म्हणून स्वीकारली गेली. अण्णांनी गाडी घेतल्या वर्षीच एक दोनशे पानी वही केली. पहिल्या पानावर शिसपेन्सिलीने पूर्ण गाडीचं वायरिंग काढलं आणि दुसऱ्या पानावर रंगांचा अर्थ लिहिला. शब्द त्यांचेच आहेत, मी फक्त उतरवतो:

तपकिरी : बॅटरीचा थेट करंट. किल्ली बंद असली तरी जिवंत. फ्यूज नाही.
पांढरा : किल्ली फिरवल्यावर जिवंत. कॉइल, पंप. फ्यूज नाही.
हिरवा : किल्लीनंतर, फ्यूजमधून. वायपर, ब्रेकचा दिवा, वळणाचे हात, पेट्रोलचा काटा.
जांभळा : किल्लीविना, फ्यूजमधून. हॉर्न.
निळा : मोठे दिवे. निळ्यावर पांढरी रेघ लांबचा, निळ्यावर लाल रेघ जवळचा.
लाल : बारीक दिवे, मागचे दिवे.
पिवळा : डायनामोकडून.
काळा : अर्थ.

आणि खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: "तपकिरीला हात लावण्याआधी बॅटरी सोडा."

या सूचनेचं कारण समजून घ्या. त्या काळच्या मायनरमध्ये फ्यूज फक्त दोन. मोठ्या दिव्यांना फ्यूजच नाही. त्यामागे विचार असा की रात्री धावत्या गाडीत एका फ्यूजपायी सगळा उजेड जाऊ नये. पण याचा दुसरा अर्थ असा की तपकिरी वायर उघडी पडून बॉडीला टेकली, तर तिला थांबवणारं काही नाही. बॅटरी आपली सगळी ताकद त्या वायरमध्ये ओतते, वायर लालबुंद होते आणि आवरण पेट घेतं.

अण्णा १९८४ साली गेले. गाडी आणि वही दादांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे आली. दादा बँकेत. हात यंत्राला फारसा न लागलेला, पण वही पाठ. त्यांनी बोनेटच्या आत मराठीत पट्टी लावली होती: "सावधान. पॉझिटिव्ह अर्थ." आजच्या सगळ्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. मायनरमध्ये उलट, पॉझिटिव्ह टोक बॉडीला. नवीन पोरगा बॅटरी बदलायला आला की सवयीने उलटी जोडणार, ही दादांची कायमची धास्ती. म्हणूनच त्यांनी गाडीत कधी रेडिओ बसवू दिला नाही. बाजारातले सेट निगेटिव्ह अर्थचे, उलट जोडले की जळाले. डाकोरला जाताना ट्रान्झिस्टर आईच्या मांडीवर असायचा.

२००८ साली दादांनी गाडीला नवा रंग दिला. पुढचे पंखे, म्हणजे मडगार्डं, काढून, प्रायमर मारून, छान चकचकीत. काम एका वर्कशॉपने मन लावून केलं होतं. पण त्यानंतर गाडीने एक विचित्र खोड धरली. सावकाश चालवली की डॅशबोर्डवरचा लाल चार्जिंग दिवा विझायचा. वेग वाढवला की पुन्हा लागायचा. बॅटरी चार्जच व्हायची नाही. मोठे दिवेही मंद झाले. ब्रेक दाबला की मागचा दिवा उजळण्याऐवजी मंदावायचा. दादांनी डायनामो दोनदा गुंडाळून आणला. शेवटी घरी चार्जर आणला आणि दर शनिवारी रात्री बॅटरी लावून ठेवायचे. "म्हातारी झाली आहे, रे," म्हणायचे. गाडीबद्दल म्हणायचे की स्वतःबद्दल, ते विचारायचं राहिलं. २०१७ साली दादा गेले.

२०१८च्या दिवाळीआधी मी आणि वहिनींनी ठरवलं की निदान दिवे तरी नीट करून घेऊ. गाडी एका गॅरेजमध्ये दिली. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. मिस्त्री उत्तर प्रदेशातला, हात चांगला. हाताखालचा छोकरा पंचमहालातला, सतरा-अठरा वर्षांचा, घरात गुजराती बोलणारा. दिव्याचा स्विच खराब होता म्हणून मिस्त्रीने तो डॅशबोर्डमधून बाहेर काढला. त्या स्विचला येते ती तपकिरी वायर, तिच्यावर एक बारीक निळी रेघ. आणि निघते ती निळी. मिस्त्री बोनेटकडे जाता जाता म्हणाला, "भूरेवाले पे टेप मार दे, बाकी खुला रहने दे."

पोराने मान डोलावली आणि निळ्यावर व्यवस्थित टेप गुंडाळली.

बॅटरी सोडलेली नव्हती. मिस्त्रीने पुढून वायरचा जुडगा ओढला, उघडी तपकिरी डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकली आणि दोन सेकंदांत धूर. मी दारात उभा होतो. जळक्या रबराचा तो वास अजून नाकात आहे. शेजारच्या गाडीवर काम करणाऱ्या एका मिस्त्रीने धावत येऊन बॅटरीचं टोक हिसकून काढलं म्हणून वाचली. तरीही डॅशबोर्डमागचं दोन-अडीच फूट वायरिंग वितळून एक झालं.

मिस्त्री पोरावर तुटून पडला. पोरगा रडकुंडीला आलेला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "भूरो एटले कयो?" त्याने कोपऱ्यातल्या पाण्याच्या निळ्या पिंपाकडे बोट दाखवलं. मिस्त्रीला विचारलं, त्याने स्वतःच्या तपकिरी चपलेकडे दाखवलं. दोघंही आपापल्या भाषेत शंभर टक्के बरोबर होते.

त्या रात्री घरात मोठी चर्चा झाली. माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्याचं फोनवर म्हणणं सरळ होतं: विकून टाक, चांगली किंमत येईल, नाहीतर एक दिवस दारात पेटेल. मुंबईचा एक व्यापारी जुन्या गाड्या घेतो, त्याचा निरोपही आला होता. वहिनी गप्प होत्या. गाडी त्यांच्या लग्नात सजवलेली. मग माझा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा, जो त्याच तंत्रज्ञान शाखेत इलेक्ट्रिकल शिकत होता, म्हणाला, "काका, मला आजोबांची ती वही द्या ना." वही दिली. दहा मिनिटांनी परत आला. "काका, तपकिरी म्हणजे? आणि हे अक्षर वाचून दाखवा."

मला धस्स झालं. मुलगा गुजराती आणि इंग्रजी शाळेत शिकलेला. मराठी घरात बोलतो, छान बोलतो, पण तपखीर कुणी ओढताना त्याने पाहिलेलं नाही, मग तपकिरी कुठून कळणार? मला मोडीची पेटी आठवली. अण्णांना वडिलांचे कागद वाचता येत होते, दादांना नाही. अण्णांची वही मला वाचता येते. पुतण्याला यायला नको का? गाडी विकली तर वही रद्दीत जाणार, कारण ती फक्त त्याच गाडीशी बोलते.

मी भावाला सांगितलं, मला सहा रविवार दे. नाही जमलं तर त्या व्यापाऱ्याला मीच फोन करीन.

वाडीतले एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचे वडील अॅम्बेसॅडर आणि लँडमास्टरवर काम करायचे, म्हणून त्यांना लुकासचे रंग माहीत. ते यायला तयार झाले. मी वही वाचायची, पुतण्याने मीटर धरायचा, चाचांनी हात चालवायचा, अशी आमची टोळी. पहिला नियम ठरला: रंगाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. वायरला बोट लावायचं आणि वहीतला नंबर बोलायचा. अण्णांनी प्रत्येक वायरला नंबर दिलेला होता, कदाचित याचसाठी.

पहिल्या रविवारी शॉर्ट कुठे आहे ते शोधलं. अण्णांची युक्ती वहीत होती आणि चाचांनाही तीच माहीत होती. बॅटरीचं एक टोक थेट जोडायचं नाही. मध्ये ब्रेकच्या दिव्याचा २१ वॅटचा बल्ब जोडायचा. सगळे स्विच बंद ठेवायचे. गाडी निरोगी असेल तर बल्ब लागणार नाही. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण करंट बल्बमधून जात असल्याने वायर जळणार नाही. आमचा बल्ब झगझगीत पेटला. मग व्होल्टेज रेग्युलेटरच्या डबीवरची 'ए' टोकाची वायर सोडली, बल्ब विझला. म्हणजे बॅटरीपासून डबीपर्यंत ठीक. ती परत जोडून 'ए-वन'ची सोडली, विझलेलाच राहिला. म्हणजे दोष 'ए-वन'च्या पुढे, किल्ली आणि दिव्याच्या स्विचकडे जाणाऱ्या वाटेत. तासाभरात वितळलेल्या जुडग्याच्या नेमक्या दोन वायर सापडल्या. पुतण्या म्हणाला, "हे तर अर्धं-अर्धं करत शोधणं झालं, आम्हाला कॉम्प्युटरच्या तासाला शिकवतात."

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी जळालेला भाग कापून त्याच जाडीच्या, त्याच रंगांच्या वायर घातल्या. इंग्लंडमध्ये मायनरचं पूर्ण नवं वायरिंग आजही तयार मिळतं, सुती विणीच्या आवरणासकट. पण बाकीचं जुनं शाबूत होतं म्हणून बदललं नाही. मोठ्या दिव्यांसाठी मात्र चाचांनी दोन फ्यूज घातले, डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहील. शिवाय बॅटरी तोडायचा एक स्विच. भाऊ फोनवर म्हणाला, मूळपणा गेला. मी म्हटलं, धुरापेक्षा बरं.

चौथ्या रविवारी पंप गप्प. पुतण्याने पंपाच्या टोकावर डिजिटल मीटर लावला: १२ व्होल्ट. "करंट येतोय, पंप गेला," तो म्हणाला. चाचा हसले. त्यांनी तिथेच आपला बल्बवाला टेस्टर लावला. बल्ब लागलाच नाही. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून केसाएवढ्या धाग्यातूनही त्याला १२ व्होल्ट दिसतात. बल्ब ओझं मागतो, तेव्हा वाट खरी आहे की नुसती नावाला, ते कळतं. पांढरी वायर मागे मागे तपासत गेलो. एका जोडाच्या नळीत आत हिरवी बुरशी, तांब्याचा एकच तंतू उरलेला. साफ करून नवा जोड लावला आणि किल्ली फिरवली. टक-टक-टक. घरातून वहिनी बाहेर आल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या.

पाचवा रविवार मोठा. वेग वाढला की पेटणारा लाल दिवा. पुतण्याने वहीतलं चित्र तासभर पाहिलं. तो दिवा बॅटरी आणि डायनामो यांच्या मध्ये जोडलेला असतो. दोन टाक्यांत पाण्याची पातळी सारखी असेल तर मधल्या पाइपातून पाणी वाहत नाही, तसं दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं झालं की दिवा विझतो. मग वेग वाढल्यावर पुन्हा का लागतो? पुतण्या म्हणाला, "काका, डायनामो कमी देत नाहीये. जास्त देतोय!" आधी आम्ही डायनामो वेगळा तपासला. 'डी' आणि 'एफ' टोकं एकत्र जोडून मीटर लावला आणि इंजिन हळूहळू चढवलं. व्होल्टेज झपकन वर गेलं. डायनामो ठणठणीत. म्हणजे लगाम धरणारी रेग्युलेटरची डबीच काम करत नव्हती. ना तिला डायनामोला आवरता येत होतं, ना बॅटरीशी जोडता येत होतं. दोन्ही कामांना तिला एक गोष्ट लागते: 'ई' टोकाचा अर्थ.

चाचांनी 'ई'च्या वायरचा बॉडीवरचा स्क्रू काढला. खाली चकचकीत हिरवा रंग. त्याखाली प्रायमर. पत्र्याचा स्पर्शच नव्हता.

२००८च्या रंगकामात सगळे अर्थ रंगाखाली गाडले गेले होते. मंद दिव्यांचंही तेच. दिवा लावून दिव्याची बॉडी आणि बॅटरीचं अर्थ टोक यांच्यामध्ये मीटर धरला: ३ व्होल्ट वाटेतच गायब. व्होल्टेज पावाने कमी झालं की उजेड निम्म्याहून जास्त कमी होतो. मागच्या दिव्याचंही तेच. अर्थ नाही म्हणून ब्रेकचा करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढत होता. प्रत्येक स्क्रूखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, व्हॅसलीन लावून आवळलं. ३ व्होल्टचे ०.१ झाले. लाल दिवा विझला तो विझलाच.

अण्णांच्या वहीत अर्थच्या पानावर एक ओळ आहे: "अंगाला अंग लागले पाहिजे, रंगाला नव्हे." दादांना ही ओळ पाठ होती. पण त्यांना ती आठवली नाही, कारण त्यांच्या मनात गाडी म्हातारी झाली होती आणि म्हाताऱ्या माणसाचा दोष कुणी शोधत नाही. आठ-नऊ वर्षं ते दर शनिवारी चार्जर लावत राहिले. लुकासला शिव्या देणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. आमच्या गाडीत लुकासची एकही वस्तू मुळातून बिघडलेली नव्हती. बिघडले होते ते सांधे, आणि वरून दिलेला सुंदर रंग.

सहाव्या रविवारची गरज पडली नाही. भावाने व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं, स्वतःहून. गाडी कायम राहील असं मी म्हणणार नाही. जागा, पेट्रोल, कायदे, सगळंच बदलत आहे. पण सध्या ती आहे, आणि तिची किल्ली पुतण्याकडे आहे.

सहावा रविवार आम्ही वहीला दिला. पुतण्या आणि मी शेजारी बसून पूर्ण वही उतरवली. त्याने मराठी अक्षर अण्णांसारखंच काढायचा प्रयत्न केला. रंगांच्या पानावर त्याने स्वतःहून दोन रकाने वाढवले:

तपकिरी : हिंदीत भूरा, गुजरातीत कथ्थई
निळा : हिंदीत नीला, गुजरातीत भूरो किंवा वादळी
हिरवा : हिंदीत हरा, गुजरातीत लीलो
जांभळा : हिंदीत बैंगनी, गुजरातीत जांबली

त्याची एक प्रत गॅरेजमधल्या त्या पोरालाही नेऊन दिली. आता त्या गॅरेजच्या भिंतीवर ती चिकटवलेली आहे.

मंडळी, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, जिथे असाल तिथे एक काम करा. घरात कुणाची अशी वही असेल, घड्याळदुरुस्तीची, छापखान्याची, पिठाच्या गिरणीची, पाण्याच्या पंपाची, औषधांची, तर ती शोधा. आणि नुसता फोटो काढून ठेवू नका. वाचणारा माणूस आहे तोवर कुणाला तरी शेजारी बसवून वाचून दाखवा. मोडीची पेटी आमच्याकडे अजून बंदच आहे. कुणाला वाचता येत असेल तर खाली जरूर कळवा. चहा आमच्याकडे, आणि परत सोडायला गाडी आहे.